रिकामं घर वेगळं, कुलूपबंद घर वेगळं

२०१० च्या उन्हाळ्यात जनगणनेच्या घरयादीचं काम माझ्याकडं आलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तरीणबाईला उन्हाळ्याची सुटी अशीच लागते. दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं आमचं गाव. डोक्यावर ओला दुपट्टा टाकून मी घराघरावर नंबर टाकत चालले होते. त्या कामात रिकामं घर वेगळं धरायचं आणि कुलूपबंद घर वेगळं. रिकाम्यात कुणी राहत नाही. कुलूपबंदात राहणारं माणूस आहे, आपण गेलो तेव्हा दार लागलेलं होतं, एवढंच.

माझ्या घरासमोरच्या वाड्याशी आले. दाराला गंजकं कुलूप. शेजारच्या बाईला विचारलं, "इथं कोणी राहतं का?" खरं तर मलाच ठाऊक होतं, पण नियमानं विचारावं लागतं. ती म्हणाली, "राहत तं कोनी नाही. पन रिकामं नोका लिहू, मॅडम."

त्या दुपारी मी कोणत्या रकान्यात खूण केली ते सांगत नाही, सरकारी काम आहे. पण पछाडलेलं घर म्हणजे काय, हे मला त्या बाईनं शिकवलं. मी तेव्हापासून असल्या गोष्टी लिहिते. थोड्या छापून आल्या, परत आलेल्या मोजल्या नाहीत. शाळेतले जुने विद्यार्थी, आता बाप्ये झालेले, अधूनमधून विचारतात, "मॅडम, भुताची गोष्ट कशी लिहायची?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिलं काम हेच. तुमच्या गोष्टीतलं घर त्या दोन रकान्यांच्या मधे कुठंतरी बसलं पाहिजे. अगदीच रिकामं असेल तर त्यात फक्त उंदीर. सरळ कुलूपबंद असेल तर दिवाळीला मालक येतील, दार उघडतील, फरशी धुतील. कुलूप आहे, पण किल्ली कुणाकडं आहे हे गावात कुणालाच नीट सांगता येत नाही, असं घर घ्या. एक म्हणतो पुतण्याकडं, दुसरा म्हणतो पुतण्या तर कधीचा वारला.

मग ते घर बांधा. माझी पहिली गोष्ट एका दिवाळी अंकाकडून परत आली तेव्हा मला राग आला होता. आता वाचली की हसू येतं. तिच्यात दगडी हवेली होती, गोल जिना होता, भिंतीवर पूर्वजांची तैलचित्रं होती आणि नायिका मेणबत्ती घेऊन फिरत होती. आमच्या गावात लाइन गेली की मेणबत्ती दुकानदारालाच सापडत नाही. जे घर तुम्ही कधी झाडलं नाही, सारवलं नाही, त्याची भीती दुसऱ्याला घालता येत नाही.

वऱ्हाडातलं जुनं घर धाब्याचं. पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, सागवानी खांब, वर तुळया, त्यांवर लाकडं नि काड्या, आणि सगळ्यांत वर मातीचा थर. दर मृगाच्या आधी धाब्यावर खारी माती टाकावी लागते. ती ओली झाली की फुगते, भेगा बुजतात, म्हणून घर गळत नाही. कुणी टाकली नाही तर काय होतं, हे मी समोरच्या वाड्याच्या बाबतीत वर्षावर्षानं पाहिलं. पहिल्या पावसाळ्यात धाब्यावर गवत उगवतं. हिरवंगार, लांबून छान दिसतं. पुढच्या वर्षी एखादी तुळई काळी पडते. मग उधई, म्हणजे वाळवी, लागते. मग कधीतरी, पाऊस नसताना, मधलाच एखादा खण रात्री खाली बसतो आणि सकाळी लोक म्हणतात, "राती आवाज आला बा." कुठं कुठं घर बसायच्या आधीच वारस येतात, चौकटीसकट दारं काढून विकतात, जुन्या सागाला भाव आहे. भिंत उभी आणि दाराच्या जागी भगदाड. एवढं नीट लिहिलंत तर भूत आणायची घाई राहत नाही.

कागदावर घराचा नकाशा काढा. किती खणांचं आहे, सपरी, म्हणजे पुढची ओसरी, कुठं, देवघर कोणत्या भिंतीला, न्हाणी कुठं, बंगई कोणत्या तुळईला टांगलेली. मग प्रत्येक जागेवर लिहा, इथं कोण झोपायचं. बुढा सपरीत. बुढी माजघरात. नवं जोडपं आतल्या अंधाऱ्या खोलीत. पोरं उन्हाळ्यात धाब्यावर. आता एकेकाचं नाव खोडा. हा पुण्याला गेला. हिचं लग्न झालं. तो सुरतला. हे दोघं वारले. शेवटी एक नाव उरेल, तुमचं पात्र ते. आता असं लिहा की एका रात्री ती आपल्या जागेवरून उठते आणि खोडलेल्यांपैकी कुणाच्या तरी जागेवर जाऊन झोपते. का झोपते ते तुम्हालाही अजून ठाऊक नसलं तरी चालेल. गोष्ट सुरू झाली.

घरात एक अशी जागा ठेवा की जिथं माणसं सांभाळून जायची. आमच्याकडं ती पेव. जमिनीखाली खणलेला जोंधळ्याचा साठा, वर माणूस कसाबसा उतरेल एवढंच तोंड. बरेच महिने बंद असलेलं पेव उघडलं की आधी दोरीला बांधून कंदील सोडत. कंदील विझला तर माणूस उतरवत नसत, कारण बंद धान्यही श्वास घेतं, आतली हवा संपवतं, आणि जड वायू तळाशी साचून राहतो. घाई करून उतरलेला माणूस हाक मारायच्या आधीच खाली बसतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही बसतो. मी लहान असताना आजी सांगायची, "पेवाले तोंड हाय, पोट हाय, पन आवाज नाही." हे वाक्य मी तीन गोष्टींत वापरलं आहे आणि चौथ्या गोष्टीतही वापरीन. तुमच्या आजीचं वाक्य तुम्ही शोधा.

आता आवाज. यासाठी एक वही करा आणि आठ दिवस रात्री जागून ऐकलेलं वेळेसकट लिहून काढा. मी मे महिन्यात केली होती. दिवसा पंचेचाळीस डिग्री तापलेली टिनं सूर्य बुडाल्यावर आकसतात आणि कडकड वाजतात, कुणीतरी छपरावरून चालतं आहे तसं. सागवानी खांब त्यानंतर तासाभरानं कुरकुरतो. उधई लागलेल्या चौकटीला कान लावला तर बारीक टकटक ऐकू येते. पण माझ्या वहीतला सगळ्यांत चांगला आवाज शेतातला आहे. शेतीची थ्री फेजची लाइन पाळीनं येते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्री कोण उठून जाईल म्हणून लोक मोटारीला ऑटो स्विच लावून ठेवतात. लाइन आली की मोटर आपोआप सुरू. आमच्या शिवारात एका माणसाच्या मरणानंतर त्याची मोटर दोन आठवडे अशीच चालत राहिली. स्विच बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. रात्रीची पाळी असली की मध्यरात्री मोटर घुमायची, पाणी पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, जायचं, आणि त्याची बायको खाटेवर उठून बसायची. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ती उठून बसायची.

हा प्रसंग गोष्टीत घालताना बहुतेक लिहिणारे एक चूक करतात. ते स्विचची गोष्ट शेवटपर्यंत लपवून ठेवतात आणि मग उलगडा करतात. लपवू नका. पहिल्याच पानावर सांगून टाका की स्विच आहे, लाइन बारा वाजता येते. वाचक निर्धास्त होतो. मग पंधराव्या दिवशी दीर जाऊन स्विच बंद करतो. आणि त्या रात्री बारा वाजता, मोटर वाजत नसताना, ती बाई उठून बसते आणि म्हणते, "आज काहून उशीर केला?" कारणं सगळी खरी द्या. एकच गोष्ट कारणावाचून सोडा, आणि ती बाहेर घडणारी नको, माणसाच्या आत घडणारी असू द्या.

दर्यापूरच्या बाजूनं शकुंतला जायची. मूर्तिजापूर ते अचलपूर, अरुंद रुळांवरची चिमुकली गाडी. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आता रुळांत बाभळी उगवल्या आहेत. माझ्या ओळखीचा एक बुढा अजूनही दुपारी हात कानामागं धरतो आणि म्हणतो, "आली वाटते." कुणी त्याला खोटं पाडत नाही. भयकथेत मला भुताहून जास्त भीती या खोटं न पाडणाऱ्यांची वाटते. सगळं गाव मिळून एखाद्याला त्याच्या भासात राहू देतं, कारण तेवढं सोपं पडतं.

सातवीच्या वर्गात एकदा मी भुताची गोष्ट सांगत होते. मागच्या बाकावरचं एक पोट्टं उठून म्हणालं, "मॅडम, भूत असतं तं थे गावात कायले राह्यलं असतं? पुन्याले नसतं का गेलं?" सगळा वर्ग हसला, मीही हसले. घरी आल्यावर मात्र वाटलं, पोरानं बरोबर विचारलं. सगळे गेले असताना जे राहिलं ते का राहिलं, हा प्रश्न भुतालाही विचारायचा आणि घरात राहिलेल्या माणसालाही. दोघांचं उत्तर एकच निघालं तर गोष्ट जमली समजा.

आता ओळखीचं. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण नवीन लिहिणारे इथं आरसे आणतात. आरशात दुसराच चेहरा दिसला वगैरे. आमच्या खेड्यात माणूस आरशात बघून स्वतःला ओळखत नाही. पारावर बसलेला म्हातारा विचारतो, "कोनाचा व्हय तू?" आणि आपण बापाचं नाव सांगतो, मग आजाचं. तो मान हलवतो. तिथं आपली ओळख पटते. म्हणून आमच्याकडची भीती अशी लिहा की पंचवीस वर्षांनी गावात आलेला माणूस बापाचं नाव सांगतो, आजाचं सांगतो, आणि म्हातारा शांतपणे म्हणतो, "त्याले तं पोरगंच नोयतं."

कागदांकडंही बघा, त्यांत फार माल आहे. आजोबा वारून वीस वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर त्यांचंच नाव, कारण भावांत एकमत नाही आणि फेरफार अडला आहे. कागदावर मेलेला माणूस शेत कसतो आहे आणि जिवंत माणूस कुठंच नाही. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं. जन्मभर निंदण केलेल्या, कापूस वेचलेल्या बाईच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. दुकानदार म्हणतो, "आजी, अंगठा उमटून नाही राह्यला, हात धुऊन ये." ती हात धुते, पदराला पुसते, पुन्हा लावते, पुन्हा नाही. रांगेतला प्रत्येक जण तिला ओळखतो, फक्त मशीन ओळखत नाही. आता हे उलटं करून पाहा. मशीन पहिल्या झटक्यात ओळखतं, धान्य देतं, आणि रांगेतलं कुणीच तिला ओळखत नाही. हे मी अजून लिहिलेलं नाही, कुणाला हवं असेल तर घ्या. मी स्वतः दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी बँकेत जाते आणि मी जिवंत आहे अशी सही करून येते. साहेब चांगला आहे, वर न बघता शिक्का मारतो.

बायकांच्या ओळखीची एक वेगळी गोष्ट आहे, ती पुरुष लेखकांच्या ध्यानात येत नाही. आमच्या वेळी लग्नात नवरीचं नाव बदलत. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवरदेवानं अंगठीनं त्यावर नवं नाव लिहायचं. सगळे ते वाचायचे, हसायचे. मग ताट उचललं की तांदळातलं नाव मोडायचं, पण तेच जन्मभर राहायचं. शकुंतलेची अंगठी हरवली म्हणून तिला कुणी ओळखलं नाही. आमच्याकडं अंगठीनंच जुनी बाई पुसली जायची. माझं जुनं नाव घेऊन हाक मारणारी शेवटची माणूस माझी थोरली बहीण. ती गेली. आता ते नाव कुणाच्या तोंडी नाही. इथंही लिहीत नाही.

लोकांच्या भुतांबद्दल थोडक्यात सांगते. मुंजा, हडळ, खवीस, चकवा यांचं रूप वर्णू नका, त्यांचे नियम वापरा. पांढरी साडी आणि उलटे पाय वाचून आता लहान पोरगंही भीत नाही. चकव्याचा नियम बघा. माणूस स्वतःच्याच शेतात रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, असतो. यात दिसायला काही नाही, फक्त ओळखीची जागा अनोळखी झालेली. उपाय काय, तर चालणं थांबवून बसून राहायचं, तांबडं फुटू द्यायचं. तुमच्या पात्राला बसता येत नाही असं काहीतरी कारण द्या, काम झालं. दुसरा नियम हाकेचा. रात्री कुणी नाव घेऊन हाक मारली तर लगेच ओ देऊ नये. माणूस असेल तर तीनदा मारतो. दुसरं जे काही असेल ते तिसरी हाक मारत नाही.

दोन गोष्टी करू नका. एकटी राहणारी म्हातारी करणी करते, भानामती करते, असं लिहू नका. हे नुसतं जुनाट नाही, त्या संशयावरून खऱ्या बाया मार खातात. म्हणून तर राज्यात २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा आला. हा गाडगेबाबांचा मुलूख आहे, भूत लिहा पण देवर्षी, म्हणजे भूत उतरवणारा मांत्रिक, जिंकवू नका. दुसरं, विदर्भ म्हटलं की तुळईला फास दाखवायचा, हेही करू नका. त्या घरातली बाई अजून तिथंच स्वयंपाक करते आहे, आणि तुळई तीच आहे. तिच्याबद्दल लिहायचं तर तिच्या स्वयंपाकाबद्दल लिहा.

भाषेचं फार सांगण्यासारखं नाही. निवेदन साधं ठेवा, माणसं बोलतील तेव्हा वऱ्हाडी बोलू द्या. ‘अचानक’ हा शब्द खोडा. उद्गारचिन्हं खोडा. ‘तिच्या अंगावर काटा आला’ हेही खोडा. काटा वाचकाच्या अंगावर यायचा आहे, तिच्या नाही.

एकटेपणा मात्र जपून लिहा. ‘ती एकटी होती’ असं लिहिलं की संपलं. मी लिहिते ते असं. तिनं दोन पोळ्यांची कणीक भिजवली, एक पोळी उरली, दुसऱ्या दिवशी तिनं तेवढीच भिजवली. टीव्ही लावून ठेवते, बघत नाही. कुलूप लावून दूध आणायला जाते आणि परत आल्यावर दाराची कडी वाजवते, मग आठवतं. हे शेवटचं माझंच आहे. आमचे हे गेल्यानंतर मी वर्षभर तसं करत होते.

माझ्या अलीकडच्या गोष्टीत अशीच एक बाई आहे. समोर कुलूपबंद वाडा. एका संध्याकाळी त्या वाड्यातून तिला हाक येते, माहेरच्या नावानं. ते नाव या गावात कुणाला माहीतच नाही. आठ दिवसांनी दुसरी हाक येते. याला मी आधी दोन शेवट केले होते. पहिल्यात ती कुलूप तोडते आणि आत पेवात हाडं सापडतात. तो कागद मी चुलीत घातला. दुसऱ्यात कळतं की कुणाच्या तरी मोबाईलवर नाटक लागलं होतं. तो वाचून मलाच झोप आली. मग लक्षात आलं, मी चुकीची भीती शोधत होते. ती बाई भ्यायलीच नव्हती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला त्या नावानं बोलावलं होतं. तिला तिसरी हाक हवी होती. म्हणून आता ती रोज दिवेलागणीला वेणी घालते, सपरीत पाट टाकून बसते, समोरच्या कुलपाकडं बघत राहते. पुण्याहून लेकाचा फोन वाजतो, ती उचलत नाही, न जाणो तेवढ्यात हाक यायची. आणि एका संध्याकाळी, कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू, ती ‘ओ’ म्हणून पाहते, आवाज नीट निघतो का ते. गोष्ट तिथं थांबते.

लिहून झालं की कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. लिहिणाऱ्याला नको, तो शुद्धलेखन काढतो. मी शेजारच्या बाईला दाखवते, ती ‘रिकामं नोका लिहू’ म्हणणारीच. तिला लिहिता-वाचता येत नाही. ती तूर निवडत ऐकते. कुठं तिचा हात थांबतो तेवढं बघायचं. जिथं थांबत नाही तो परिच्छेद काढून टाकायचा. या गोष्टीला तिचा हात दोनदा थांबला. संपल्यावर ती थोडा वेळ बसून राहिली, मग म्हणाली, "मंग तिसरी आली का?"

मी म्हटलं, "ते लिहिलंच नाही. वाचणाऱ्यावर सोडलं."

"गोष्टीतलं नाही इचारून राह्यली, मॅडम," ती म्हणाली, आणि पुन्हा तूर निवडायला लागली.